तीस वर्षांचा सिमेंट रस्ता: हा आकडा कसा वाचायचा?

मराठवाड्यातील एका नगरपरिषदेत काम करणाऱ्या अभियंत्याने विचारले आहे की, गावातून जाणारा सुमारे तीन किलोमीटर लांबीचा दुपदरी सिमेंट काँक्रीट रस्ता दोन वर्षांपूर्वी पूर्ण झाला. संकल्पन अहवालात त्याचे आयुष्य ३० वर्षे लिहिलेले आहे, परंतु आजच काही स्लॅबना भेगा दिसू लागल्या आहेत. दोष दायित्व कालावधी (ज्या मुदतीत दोषांची दुरुस्ती कंत्राटदाराने करून द्यायची असते) संपण्यापूर्वी हा रस्ता पुढे कसा वागेल, याचा अहवाल द्यायचा आहे. त्यासाठी कोणते सूत्र किंवा कोणते सॉफ्टवेअर वापरावे?

सॉफ्टवेअरचा विचार थोडा पुढे ढकलू, कारण या प्रश्नात दोन वेगळे प्रश्न एकमेकांत मिसळले आहेत. पहिला प्रश्न संकल्पनाचा: गृहीत धरलेली वाहतूक, गृहीत धरलेली माती आणि गृहीत धरलेली काँक्रीटची ताकद पाहता अमुक जाडी पुरेशी आहे की नाही. अहवालातील ‘३० वर्षे’ हे या प्रश्नाचे उत्तर आहे. दुसरा प्रश्न तुमचा: प्रत्यक्षात बांधला गेलेला हा रस्ता, या मातीवर, या वाहनांखाली किती काळ चांगला राहील. त्याचे उत्तर संकल्पन अहवालात नसते, ते रस्त्यावरच मोजून काढावे लागते. दोन वर्षांचा रस्ता मोजण्याजोगी बरीच माहिती देतो, हे तुमच्या बाजूने आहे.

आधी तो आकडा येतो कुठून, हे पाहू. आपल्याकडे सांधे असलेल्या साध्या काँक्रीट रस्त्याचे संकल्पन इंडियन रोड्स काँग्रेसच्या आयआरसी ५८ या मार्गदर्शिकेनुसार होते आणि तिची २०१५ ची आवृत्ती सर्वत्र वापरली जाते. तिचा गाभा थकव्याच्या हिशेबात आहे. प्रत्येक ॲक्सल (वाहनाच्या चाकांची जोडी पेलणारा आस) स्लॅबमध्ये काही वाकताण, म्हणजे वाकण्यामुळे येणारा ताण, निर्माण करतो. तो ताण आणि काँक्रीटची वाकताणातील ताकद यांचे गुणोत्तर काढायचे, त्या गुणोत्तराला स्लॅब किती फेऱ्या सोसेल ते सूत्रातून घ्यायचे, प्रत्यक्ष फेऱ्यांना त्या संख्येने भागायचे आणि सगळ्या वजनगटांची बेरीज करायची. दिवसा स्लॅबचा वरचा पृष्ठभाग तापलेला असताना खालून वर जाणाऱ्या भेगेचा हिशेब वेगळा होतो. रात्री कडा वर उचललेल्या असताना मालमोटारीचा पुढचा आणि मागचा ॲक्सल एकाच स्लॅबच्या दोन टोकांवर आल्याने वरून खाली जाणाऱ्या भेगेचा हिशेब वेगळा होतो. दोन्ही मिळून बेरीज एकच्या आत राहिली की संकल्पन मान्य होते.

यात कळीचा भाग म्हणजे या सूत्राचा चढ. गुणोत्तर ०.४५ च्या खाली असेल तर फेऱ्यांवर मर्यादा नाही असे मानले जाते. ०.४६ ला अनुज्ञेय फेऱ्या १ कोटी ४३ लाखांच्या आसपास येतात. ०.५० ला त्या साडेसात लाखांवर उतरतात, ०.५५ ला सव्वा लाखावर आणि ०.६० ला जेमतेम ३१ हजारांवर. म्हणजे गुणोत्तर ०.०४ ने वाढले तर आयुष्य एकोणिसाव्या हिश्श्यावर येऊ शकते. आता ३०० मिलिमीटरऐवजी एखाद्या ठिकाणी २८५ मिलिमीटर जाडी मिळाली असे समजा. तापमानाचा ताण क्षणभर बाजूला ठेवला, तर चाकाच्या भाराचा ताण साधारण आठ टक्क्यांनी वाढतो, ०.५० चे गुणोत्तर ०.५४ होते आणि अनुज्ञेय फेऱ्या साडेसात लाखांवरून पावणेदोन लाखांच्याही खाली जातात. वाकताणातील ताकद ४.५ ऐवजी ४.२ मेगापास्कल आली तरी परिणाम जवळपास तेवढाच होतो.

पंधरा मिलिमीटरचा फरक म्हणजे डीएलसीच्या (स्लॅबखालच्या कमी सिमेंटच्या काँक्रीट थराच्या) पृष्ठभागातला एखादा उंचवटा. तो एकाच रस्त्यावर स्लॅबगणिक बदलत असतो. त्यामुळे ‘रस्त्याचे आयुष्य’ असे काही एकसंध नसते. तुमच्या तीन किलोमीटरमध्ये दोन्ही पदर मिळून साडेचार मीटरचे सुमारे तेराशे स्लॅब असतील, तर तेराशे वेगवेगळी आयुष्ये आहेत आणि त्यांतली सर्वांत दुबळी आधी संपतात. अमेरिकेतील पेव्हमेंट एमई या पद्धतीत म्हणूनच आडव्या भेगा पडलेल्या स्लॅबची टक्केवारी हा निकष ठेवला आहे आणि महत्त्वाच्या मार्गांसाठी ती मर्यादा साधारण दहा ते पंधरा टक्के धरतात. तुमचा अहवालही ‘रस्ता अमुक वर्षी संपेल’ या भाषेत न लिहिता ‘अमुक वर्षी किती टक्के स्लॅबना भेगा असतील’ या भाषेत लिहावा, असे मी आग्रहाने सुचवेन.

आता तुमच्या भेगांकडे येऊ. वाहतूक वर्षाला पाच टक्क्यांनी वाढते असे धरले, तर तीस वर्षांतील एकूण फेऱ्यांपैकी पहिल्या दोन वर्षांत फक्त तीन टक्क्यांच्या आसपास होतात. म्हणजे संकल्पन जरा जरी खरे असेल, तर दोन वर्षांत थकव्याचा वाटा नगण्य असायला हवा. तरीही भेगा दिसत असतील तर दोनच शक्यता उरतात: एक तर गृहीतके आणि वास्तव यांत फार मोठी तफावत आहे, किंवा या भेगा थकव्याच्या नाहीतच. माझ्या कामात दुसरी शक्यता कितीतरी अधिक वेळा खरी निघाली आहे. हा भेद अहवालाचा पाया ठरतो, कारण बांधकामाच्या वेळची भेग त्या स्लॅबपुरती राहू शकते, तर भार किंवा जाडी यांतील तफावतीमुळे पडलेली भेग दरवर्षी वाढत्या वेगाने शेजारच्या स्लॅबकडे सरकते.

भेग कोणती हे ओळखण्यासाठी तिचा आकार, जागा आणि खोली पाहावी. एकमेकींना समांतर, आखूड आणि स्लॅबच्या कडेपर्यंत न पोचणाऱ्या भेगा बहुधा काँक्रीट ओले असतानाच पृष्ठभाग वाऱ्याने आणि उन्हाने सुकल्यामुळे पडलेल्या असतात. एप्रिल-मे महिन्यांत दुपारी ओतलेल्या आणि क्युअरिंग कंपाऊंड (ओलावा टिकवणारे द्रव्य) उशिरा फवारलेल्या भागात त्या हमखास सापडतात. कोअर, म्हणजे काँक्रीटमधून कापलेला गोल नमुना, काढून त्यांची खोली पाहावी. त्या उथळ असतील तर दीर्घकालीन भाकितावर त्यांचा भार फारसा पडत नाही, मात्र त्या भरून घ्याव्यात.

स्लॅबच्या मध्यातून किंवा सांध्याच्या जवळून वेडीवाकडी जाणारी, पूर्ण रुंदी ओलांडणारी भेग असेल, तर सांधा कापायला (भेग ठरल्या जागीच पडावी म्हणून घेतात तो काप) उशीर झाला किंवा काप पुरेसा खोल गेला नाही, असा संशय घ्यावा. कडक उन्हाळ्यात जॉइंट कटिंगची योग्य वेळ अवघ्या काही तासांची असते आणि रात्री कटर बंद पडला की सकाळपर्यंत काँक्रीट स्वतःच स्वतःचा सांधा पाडून घेते. अशा ठिकाणी शेजारच्या कापलेल्या सांध्यावर एक कोअर घ्या. कापाखाली भेग उतरलेलीच नसेल, तर तो सांधा नावापुरता आहे आणि खरा सांधा म्हणजे ती वेडीवाकडी भेग. तिथे डॉवेल (सांध्यातून भार पुढच्या स्लॅबला देणाऱ्या पोलादी सळ्या) नाहीत, म्हणून भाराचे संक्रमण केवळ खडीच्या गुंफणीवर चालते, आणि भेग रुंदावत जाईल तशी ती गुंफण सुटते. असे स्लॅब मी पुढील पाच-सात वर्षांतील दुरुस्तीच्या यादीत धरतो.

सांध्याला समांतर आणि डॉवेल जिथे संपतात त्याच्या थोडे पलीकडे भेग असेल, तर डॉवेल तिरके बसल्यामुळे सांधा जखडला गेला असण्याची शक्यता असते. लांबीच्या दिशेने, चाकाच्या वाटेवरून किंवा कडेपासून काही अंतरावरून सलग अनेक स्लॅबमध्ये धावणारी भेग मात्र मला सर्वांत जास्त काळजीत टाकते, विशेषतः तुमच्या भागात. काळ्या मातीचा भराव किंवा पुरेशी न बदललेली काळी माती खाली असली, की पावसाळ्यात साइडपट्टीखालची माती फुगते आणि उन्हाळ्यात आकसते, तर रस्त्याच्या मधल्या भागाखालचा ओलावा जवळपास स्थिर राहतो. त्यामुळे स्लॅबची कड वर्षातून एकदा उचलली जाते आणि एकदा आधाराविना राहते. थकव्याच्या सूत्रात या हालचालीला जागाच नाही. सबग्रेडचा, म्हणजे रस्त्याखालच्या मातीचा, सीबीआर (भार पेलण्याच्या ताकदीचे माप) आठ टक्के आहे एवढे कागदोपत्री पुरेसे वाटते, पण फुगणाऱ्या मातीवर न फुगणाऱ्या मातीचा जाड थर दिला होता का आणि तो कडेच्या पलीकडे किती गेला होता, हे बांधकामाच्या नोंदींत शोधा. मोऱ्यांच्या दोन्ही अंगांना भेगा गोळा झाल्या असतील तर मात्र कारण साधे असते: मागचा भराव नीट दाबलेला नाही.

स्लॅबचे कोपरे तुटत असतील तर पाण्याकडे पाहावे, आणि पाण्याबद्दल थोडे विस्ताराने लिहिणे भाग आहे, कारण काँक्रीट रस्ते पुस्तकात थकव्याने मरतात आणि प्रत्यक्षात बऱ्याचदा सांध्याखालच्या पाण्याने. सीलंट निघालेल्या सांध्यातून पाणी उतरते आणि पीक्यूसी (वरचा मुख्य काँक्रीट स्लॅब) व डीएलसी यांच्या मध्ये साठते. जड ॲक्सल सांधा ओलांडताना स्लॅबची कड क्षणभर दबते आणि ते पाणी बारीक कण घेऊन बाहेर फेकले जाते. हळूहळू कडेखाली पोकळी होते, एक स्लॅब दुसऱ्यापेक्षा खाली बसतो आणि वाहनचालकाला दर साडेचार मीटरला धक्का जाणवू लागतो. आयआरसी ५८ मधील थकव्याच्या बेरजेत ही झीज थेट मोजली जात नाही. डीएलसी, डॉवेल, बांधलेली साइडपट्टी आणि पाण्याचा निचरा यांची तरतूद करून ती होणार नाही, असे गृहीत धरलेले असते. गावातल्या रस्त्यावर निचऱ्याचे गृहीतक सर्वांत आधी कोसळते. दोन्ही बाजूंची गटारे रस्त्यापेक्षा उंच झालेली असतात, दुकानदारांनी साइडपट्टीवर भर घातलेली असते आणि पाऊस थांबल्यावरही पाणी कडेला उभे राहते. जुलै-ऑगस्टमध्ये सांध्यांच्या आसपास चिखलाचे डाग दिसतात का, याची छायाचित्रे घेऊन ठेवा. भाकितासाठी ती एखाद्या महागड्या चाचणीइतकी उपयोगी पडतात.

भाराच्या बाबतीत एक स्थानिक गोष्ट तपासाच. संकल्पनासाठीचे ॲक्सल भार सर्वेक्षण दोन-तीन दिवसांचे असते आणि ते कोणत्या महिन्यात झाले यावर सगळे अवलंबून राहते. तुमच्या रस्त्यावरून साखर कारखान्याचा ऊस जात असेल आणि सर्वेक्षण जून-जुलैमध्ये झाले असेल, तर गळीत हंगामातील ट्रॅक्टर-ट्रॉल्या आणि वरपर्यंत रचलेले ट्रक त्या आकडेवारीत नाहीतच. शिवाय २०१८ मध्ये एकेरी ॲक्सलची कायदेशीर मर्यादा १०.२ टनांवरून ११.५ टन आणि जोड ॲक्सलची १९ वरून २१ टन झाली, त्यामुळे त्याआधीचे सर्वेक्षण आधाराला घेतले असेल तर नियमाने चालणारी वाहनेही आता जास्त वजनाची आहेत. डांबरी रस्त्यांच्या सवयीने आपण ‘भाराचा चौथा घात’ म्हणतो, म्हणजे हानी भाराच्या चौथ्या घाताच्या प्रमाणात वाढते असे धरतो. काँक्रीटच्या थकव्यात चढ त्याहून तीव्र असू शकतो, हे वरच्या आकड्यांवरून दिसतेच. म्हणून सरासरी भारापेक्षा सर्वांत जड पाच टक्के ॲक्सल काय वजनाचे आहेत, हे मला आधी पाहायचे असते. डिसेंबर-जानेवारीत, हंगाम भरात असताना, दोन दिवसांचे वजन घेतले तरी भाकिताची अनिश्चितता बरीच आवळली जाते.

एवढे झाल्यावर सूत्रे आणि सॉफ्टवेअर यांना अर्थ येतो. या क्षेत्रातील बहुतेक पद्धतींचे मूळ अमेरिकेतील इलिनॉय राज्यात ओटावा येथे १९५८ ते १९६० या काळात झालेल्या आशो रोड टेस्ट या रस्त्यांवरील मोठ्या प्रयोगात आहे. तेथे दोन वर्षांत सुमारे ११ लाख ॲक्सल फेऱ्या झाल्या, त्याही एकाच प्रकारच्या मातीवर आणि एकाच हवामानात. आपल्याकडे दिवसाला दोन हजार ट्रक पेलणाऱ्या लेनवर एवढे ॲक्सल वर्षभराच्या आतच जातात. म्हणजे तिथून तीस वर्षांचे अनुमान काढणे हे मोजलेल्या पल्ल्याच्या फार बाहेर जाणे होते आणि वयानुसार होणारी हानी त्या प्रयोगात उतरणे शक्यच नव्हते. ही उणीव भरून काढण्यासाठी १९८७ मध्ये अमेरिका आणि कॅनडात एलटीपीपी हा दीर्घकालीन निरीक्षणाचा कार्यक्रम सुरू झाला आणि चालू रस्त्यांचे अडीच हजारांच्या आसपास तुकडे नजरेखाली ठेवले गेले. पेव्हमेंट एमईमधील भेगा, सांध्यांतील पायरी आणि खडबडीतपणा यांची समीकरणे त्या माहितीवर बसवलेली आहेत. त्यांची रचना मला पटते, परंतु त्यांचे गुणांक जसेच्या तसे मराठवाड्यात वापरणे पटत नाही. तिथल्या थंडीतील गोठण-वितळण आपल्याकडे नाही, आणि आपल्याकडची काळी माती तिथल्या बहुतेक तुकड्यांखाली नाही. तापमानाचेच पाहा. ३०० मिलिमीटरच्या स्लॅबमध्ये वर आणि खाली यांतील तापमानाचा फरक आयआरसी ५८ आपल्या पठारी भागासाठी २१ अंश धरते, तर डोंगरांनी वेढलेल्या किनारपट्टीसाठी १७ अंश. महाराष्ट्रातल्या महाराष्ट्रात एवढा फरक असेल, तर परदेशी गुणांकांबद्दल सावध राहणे योग्यच आहे. एचडीएम-४ या रस्ते-देखभाल नियोजनाच्या सॉफ्टवेअरबाबतही माझे मत हेच आहे. जिल्ह्यातील अनेक रस्त्यांच्या देखभालीचा क्रम लावायला ते चांगले आहे, पण स्थानिक निरीक्षणांशी जुळवून न घेता एका तीन किलोमीटरच्या रस्त्याचे भविष्य त्यातून काढू नये.

दुसऱ्या टोकाचा युक्तिवादही तुमच्या बैठकीत कोणीतरी करेल: मुंबईचा मरीन ड्राइव्ह १९४० च्या सुमारास काँक्रीटचा झाला आणि अनेक दशके टिकला, मग आपला का टिकणार नाही? तिथे जड मालमोटारी फारशा चालत नाहीत, आणि त्या काळातले जे काँक्रीट रस्ते लवकर गेले त्यांची उदाहरणे कोणी देत नाही. पुण्याच्या जंगली महाराज रस्त्याचा दाखला कोणी दिला तर तो डांबरी आहे, एवढेच सांगून पुढे जावे.

तुमच्या अहवालासाठी मी कामाची मांडणी अशी करीन. प्रत्येक स्लॅबला क्रमांक देऊन भेगांचा नकाशा काढावा, तोही दोनदा: एकदा मे अखेरीस आणि एकदा पावसाळा संपल्यावर, म्हणजे मातीची हालचाल आणि पाण्याचा परिणाम वेगळा दिसतो. प्रत्येक सांध्यावरील पायरी साध्या पट्टीने मिलिमीटरमध्ये मोजावी. भेगा पडलेल्या आणि न पडलेल्या अशा दोन्ही प्रकारच्या स्लॅबमधून कोअर घ्यावेत. केवळ वाईट जागांचे कोअर घेतले तर रस्त्याच्या सरासरी जाडीबद्दल काहीच कळत नाही. मग एफडब्ल्यूडी चाचणी (वजन पाडून स्लॅब किती दबतो हे मोजणारी) आयआरसी ११७ नुसार करावी आणि ती शक्यतो पहाटे करावी. दुपारी तापलेले स्लॅब फुगून एकमेकांवर रेटले जातात, त्यामुळे निकामी सांधाही भार व्यवस्थित पुढे देतो असे दिसते. दुपारच्या वाचनांवर आधारलेले सुंदर अहवाल मी पाहिले आहेत आणि त्यांतून निघालेली भाकिते पुढच्या हिवाळ्यातच खोटी ठरलेली पाहिली आहेत.

या मोजमापांतून स्लॅबचे तीन गट पडतील: निरोगी, बांधकामाच्या दोषाने भेगाळलेले पण स्थिर, आणि आधार किंवा सांधा गमावलेले. पहिल्या गटासाठी मोजलेली जाडी, मोजलेली ताकद आणि हंगामातील वजने घालून थकव्याची बेरीज पुन्हा करा. ती एकाच सरासरी जाडीवर न करता कोअरमधील जाडीच्या सगळ्या पल्ल्यावर करा, म्हणजे दहाव्या, पंधराव्या आणि विसाव्या वर्षी किती टक्के स्लॅब मर्यादा ओलांडतील याचा खालचा आणि वरचा अंदाज मिळतो. प्रयोगशाळेतील काँक्रीटच्या थकव्याच्या चाचण्यांतच एकाच ताणाखाली फेऱ्यांची संख्या दहापट इकडेतिकडे जाते, त्यामुळे हा पल्ला रुंद असेल, आणि तो रुंदच लिहावा. दुसऱ्या गटासाठी दोन नकाशांमधील फरक पाहा. भेगेची लांबी वा रुंदी वाढली नसेल तर त्यांना पहिल्या गटासारखेच वागवता येते. तिसऱ्या गटाचे भाकीत करण्यात अर्थ नाही. आयआरसी एसपी ८३ मधील वर्गीकरणानुसार त्यांची तीव्रता लिहावी आणि पूर्ण खोलीची दुरुस्ती किंवा स्लॅब बदलणे दोष दायित्वाच्या मुदतीतच मागावे. नंतर तोच खर्च नगरपरिषदेवर येतो.

हे सारे रस्ता कोणी खोदणार नाही असे धरून लिहिले आहे. गावातल्या सिमेंट रस्त्याला नळजोडणीसाठी किंवा केबलसाठी एकदा आडवा काप बसला, डॉवेल कापले गेले आणि वरून साधे काँक्रीट भरले, की त्या जागेचे भाकीत कोणत्याही पद्धतीने करता येत नाही. त्यामुळे अहवालासोबत पाणीपुरवठा आणि भुयारी गटार विभागांकडून पुढील पाच वर्षांची नियोजित कामे लेखी मागवून जोडा, आणि ज्या साखळी क्रमांकांवर (रस्त्याच्या सुरुवातीपासूनच्या अंतराच्या खुणांवर) खोदाई ठरलेली आहे तेवढे स्लॅब हिशेबातून वेगळे काढून त्यांची यादी स्वतंत्र द्या.